एकशे ऐंशी गोळ्या

मी इंडियानापोलिसच्या दक्षिण भागात एका क्लिनिकमध्ये फार्मासिस्ट आहे. मूळची मिरजेची. म्यानमारच्या चिन डोंगराळ प्रांतातून आलेल्या लोकांची अमेरिकेतली सगळ्यात मोठी वस्ती इथे आहे, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. बहुतेक जण आधी मलेशियात वर्षानुवर्षं अडकून, निर्वासित म्हणून इथे आलेले. पुष्कळ जण गोदामांत राबतात.

त्या दिवशी जे आजोबा आले, त्यांची साखर काही केल्या खाली येत नव्हती. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर, 11.2. डॉक्टरांनी फाईलवर लिहिलं होतं, 'आहार पाळत नाहीत'. अशा शेऱ्यावर माझा विश्वास जरा कमीच. घरातली सगळी औषधं घेऊन या, असा निरोप मी दिला होता. आजोबांनी ती मायलो या चॉकलेटी पेयाच्या हिरव्या डब्यात आणली. डबा क्वालालंपूरचा, झाकण चेपलेलं.

ट्रेमध्ये गोळ्या ओतून पट्टीने पाच-पाच सरकवत मोजल्या. मेटफॉर्मिनची, म्हणजे साखरेच्या गोळ्यांची, बाटली दहा दिवसांपूर्वी भरलेली, तीन महिन्यांच्या 180 गोळ्या. सकाळ-संध्याकाळ एकेक घेतली तर 160 उरायला हव्यात. निघाल्या 70. पुन्हा मोजल्या. 70च.

फोनवर दुभाषी घेतला. फाईलमध्ये भाषा 'बर्मीज' लिहिलेली. आजोबा प्रत्येक प्रश्नाला मान डोलवून 'हो' म्हणत होते. गोळ्या घेता? हो. विसरता? हो. मग माझ्या लक्षात आलं की त्यांना फारसं काही समजत नाहीये, हे हो निव्वळ सभ्यतेचे आहेत. चिन लोकांच्या भाषा अनेक आणि बर्मीजपासून दूरच्या. एका खोऱ्यातलं बोलणं दुसऱ्या खोऱ्यात कळेलच असं नाही. इतकी वर्षं आपण या माणसाशी काय बोलत होतो, कोण जाणे.

दुसरा दुभाषी मिळायला चाळीस मिनिटं गेली. हाखा लाई ही चिन भाषा बोलणारी बाई. तिने 'ना दाम मॉ?' (बरे आहात ना?) विचारलं मात्र, आजोबा खुर्चीत पुढे सरकले. पुढची दोन-तीन मिनिटं मला कोणी विचारलंच नाही. मध्येच 'थंतलांग' ऐकू आलं. गाव कुठलं, कोणाचे कोण, हेच चाललं असणार. आपल्याकडेही एसटीत शेजारी बसलेला माणूस हेच आधी विचारतो. थंतलांग मला बातम्यांतून ठाऊक होतं. 2021च्या फेब्रुवारीत लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच ऑक्टोबरात हे गाव तोफांच्या माऱ्यात जळालं. जवळजवळ सगळी वस्ती आधीच पळालेली.

मग उलगडा झाला. आजोबा दिवसाला एकच गोळी घेत होते. शंभर गोळ्या धाकट्या भावाला गेल्या. त्यालाही साखर, आणि तो जंगलाशेजारच्या वस्तीत लपून राहतोय. चर्चमधलं कोणी भारतात निघालं की पुडी द्यायची. ऐझॉलपर्यंत विमान, पुढे सुमो, मग सीमेवरची तिआऊ नदी, पलीकडे पायी. मिझोरम माझ्या देशात, पण तिथला रस्ता मला आजोबांनी सांगितला.

रागवायचं कोणावर? नियमाप्रमाणे मला सांगावं लागलं की एकाच्या नावचं औषध दुसऱ्याला देता येत नाही. सांगितलं. त्यांनी मान डोलवली, पुन्हा तोच सभ्य हो.

"ऐझॉलला तुमचं कोणी आहे?"

"पुतण्या."

"मग गोळ्या इथून कशाला? हेच औषध भारतात स्वस्त मिळतं. पुतण्याला पैसे पाठवा. भावाला किती द्यायचं ते तिथल्या डॉक्टरला ठरवू दे. तुमच्या गोळ्या मात्र तुम्हीच घ्या, दोन्ही वेळा."

दुभाषी बाईने हे सांगायला माझ्यापेक्षा बराच जास्त वेळ घेतला. तिने मनाचं काय घातलं, मी विचारलं नाही.

आजोबांनी कागद मागितला. औषधाचं नाव मी मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, घडी घातली, मायलोच्या डब्यात ठेवली. उठता उठता पुन्हा बसले आणि फोनकडे बघून काहीतरी म्हणाले.

"अजून एक चिठ्ठी द्या म्हणतात," दुभाषी म्हणाली. "एक पुतण्याला, एक भावाला. आणि भावाच्या चिठ्ठीवर चिकटपट्टी लावा. नदीत भिजते."