गाठीभोवतीची सुई

गेल्या महिन्यात दाढ काढताना डॉक्टरांनी हिरडीत लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध टोचले आणि ओठ जड होत असताना मला मुंबईच्या टाटा मेमोरियलचे संशोधन आठवले. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली २०११ पासून देशातील ११ केंद्रांवर, स्तनाचा कर्करोग प्राथमिक अवस्थेत असलेल्या सुमारे १,६०० स्त्रियांचा त्यात समावेश झाला. त्यांपैकी निम्म्या जणींना गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती हेच औषध टोचण्यात आले. शस्त्रक्रियेत गाठ हाताळली जाताना काही पेशी निसटत असाव्यात आणि पेशींच्या आवरणातील सोडियमचे मार्ग अडवणारे हे औषध त्यांची हालचाल रोखत असावे, असा त्यामागचा तर्क होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण औषध न टोचलेल्या गटात ८६.४ टक्के, तर टोचलेल्या गटात ९०.१ टक्के होते. चार टक्केही नाहीत, असे म्हणून कोणी नाक मुरडेल. पण कर्करोगाची नवी औषधे लाखांच्या घरात जात असताना या सुईचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास येतो. माझ्या दाढेचे बिल त्याच्या कितीतरी पट झाले.