हजेरीत नसलेल्या दोघी

धान कापणीचे दिवस होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा गावाच्या टोकाला आहे. मागे कुंपण नाही, सरळ बांध्याच, म्हणजे धानाची शेतंच लागतात. सकाळी शाळा भरून थोडाच वेळ झाला होता, तोच एक शेतकरी धुऱ्यावरून धापा टाकत आला. "सर, बांधीत वाघ बसून आहे जी. शाळेच्या मागंच."

मुलांचं काम लवकर आटोपलं. या भागात वाघाची बातमी नवी नाही. पोरं आत, दारं बंद, हजेरी, वनरक्षकाला फोन, हे आम्हाला पाठ आहे. पण त्या हजेरीत मुलं आणि शिक्षक एवढेच असतात. पोषण आहार शिजवणाऱ्या दोघी बाहेरच होत्या.

किचन शेडला तीन भिंती, चौथी बाजू उघडी, तीही बांध्यांकडे. मावशी चुलीपुढे उकिडव्या बसून लाकूड आत सारत होत्या, पाठ शेताकडे. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. बसलेल्या, वाकलेल्या माणसावर वाघ झडप घालतो, हे इकडे पोराटोरालाही माहीत आहे. धान कापताना, मोहफुलं वेचताना माणसं गेली ती अशीच. २०२५ च्या मे महिन्यात शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या.

मी आणि सहकारी शिक्षक काठ्या घेऊन, थाळी वाजवत, मोठ्यानं बोलत शेडपर्यंत गेलो. "मावशी, उभ्या राहा. पळू नका, आमच्यासंगं चला."

"खिचडी लागून जाईन ना सर. पोरं काय खातीन?"

खिचडीच्या गंजाखालची, म्हणजे पातेल्याखालची लाकडं मागं ओढली, तेव्हा कुठं त्या निघाल्या. मदतनीस ताई हातपंपावर होत्या. त्या डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड, म्हणजे हंडा घेऊनच आल्या. ठेवा म्हटलं तरी ठेवेनात. दोघींना वर्गात घेऊन कडी लावली.

वनरक्षक आणि गावातल्या प्राथमिक प्रतिसाद दलाची (अशा वेळी वनखात्याला मदत करणाऱ्या गावकऱ्यांच्या गटाची) पोरं आली, त्यांचा निम्मा वेळ मोबाइल घेऊन जमलेली गर्दी हटवण्यात गेला. वाघाला चहूबाजूंनी घेरलं की तो माणसाच्या अंगावर येतो, म्हणून जंगलाकडची वाट मोकळी ठेवली. दुपार कलल्यावर तो त्याच वाटेनं गेला. मुलांना पालकांनी घोळक्यानं घरी नेलं.

मला राग आला तो नंतर. या बायांना महिन्याला २५०० रुपये मानधन. वाघानं मारलं तर वारसांना २५ लाखांची मदत मिळते, ती मिळायलाच हवी. पण जीव जाण्याआधी शेडला एक दार मिळत नाही! वर पत्र दिलं, निधी नाही असं उत्तर आलं. मग शाळा व्यवस्थापन समितीत विषय घेतला. लोकवर्गणीतून लोखंडी जाळीचं दार बसलं. वेल्डिंगवाला बाहेरून कोयंडा लावत होता, तर मावशींनी थांबवलं, "आतून पण कडी लाव रे बाबू. आम्ही आतच राहतो."

आता दोघींची नावं आणीबाणीच्या हजेरीत आहेत, आणि पाणी मुलं यायच्या आत आम्ही सगळे मिळून भरतो. कुंपणाचा ठराव ग्रामपंचायतीत झाला आहे, काम व्हायचं आहे. आजूबाजूच्या गावांतही अशी उघडी शेडं मी पाहिली आहेत. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पुढच्या शिक्षण परिषदेत त्यांची यादी घेऊन जाणार आहे.