आमची वाटचाल : जुन्या धातूच्या मोटारींसाठी नेमकी चाके

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील आमचे टर्निंग शॉप वडिलांच्या काळापासून वाहनांच्या सुट्या भागांचे जॉबवर्क करीत आले आहे. आज त्याच शॉपमध्ये आम्ही मुख्यतः जुन्या डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात भरून बनवलेल्या, खेळण्यांसाठी बदली चाके, टायर आणि अ‍ॅक्सल (चाके जोडणारे दांडे) बनवतो. काही संग्राहक तडकलेल्या टायरच्या डिंकी गाड्या घेऊन येऊ लागले आणि त्यातून या कामाची सुरुवात झाली.

डिंकी गाड्या लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील मेकॅनो कंपनीच्या. 1979 साली तो कारखाना बंद झाल्यामुळे मूळ सुटे भाग मिळण्याचा मार्ग राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांची चाके मध्यभागी सपाट असत, तर युद्धानंतरच्या चाकांवर उठावदार कडे आले. त्यामुळे नुसता व्यास जुळून भागत नाही. चाकाचा चेहराही त्या काळाचाच असावा लागतो.

खरी परीक्षा घेतली ती लंडनच्या लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्स गाड्यांनी. 1953 पासून निघालेल्या या मालिकेत गाडीचे प्रमाण खोक्याच्या मापावरून ठरत असे, म्हणून दुमजली बस आणि छोटी मोटार जवळपास एकाच लांबीच्या असत आणि चाकाचा व्यास खऱ्या वाहनावरून हिशेब करून काढता येत नाही. आधी धातूची, मग राखाडी, चंदेरी आणि काळ्या प्लॅस्टिकची चाके आली. एकाच क्रमांकाच्या गाडीला वेगवेगळ्या काळात वेगळ्या व्यासाची, वेगळ्या रुंदीची चाके बसलेली दिसतात. जाणकार संग्राहक चाकाच्या कडेवरील खाचा मोजतात, शिवाय अ‍ॅक्सलचे टोक चेपलेले आहे की गोल रिव्हेट केलेले, हेही पाहतात. माझ्या मते गाडीचे वय सांगणारा याहून चांगला पुरावा रंगातही सापडत नाही, कारण रंग पुन्हा देता येतो.

1968 साली अमेरिकेत मॅटेलने वेगाने पळणारी हॉट व्हील्स आणली आणि पुढच्याच वर्षी लेस्नीने सुपरफास्ट चाकांनी उत्तर दिले. अ‍ॅक्सल तारेसारखे बारीक झाले. चाके आधी अरुंद होती, नंतर रुंद झाली आणि काही गाड्यांच्या मडगार्डच्या कमानीही त्यासाठी वाढवाव्या लागल्या. मॅचबॉक्स मालिकेतील आठव्या क्रमांकाची फोर्ड मस्टँग 1966 मध्ये साध्या चाकांवर आली आणि 1970 मध्ये सुपरफास्ट झाली. अशा गाडीला चुकीची चाके लावली, तर तिचा इतिहासच पुसला जातो.

म्हणून आम्ही प्रत्येक वेळी मूळ चाक मायक्रोमीटरने मोजतो. अ‍ॅसिटल प्लॅस्टिक साच्यात थंड होताना साधारण 2 टक्के आकसते. 10 मिलिमीटरच्या चाकाला 0.2 मिलिमीटरचा फरक पडतो आणि एवढ्या लहान गाडीत तो डोळ्यांना खुपतो. त्यामुळे साचा त्या हिशेबाने मोठा कापावा लागतो, आणि पहिला घाणा काढल्यावर पुन्हा मोजून दुरुस्त करावा लागतो. कामाचा बहुतेक वेळ इथेच जातो, आणि तो तसाच जावा असे मला वाटते.

आमच्या प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूस एक बारीक खूण असते. ही खूण वगळून माल द्या, अशी एका विक्रेत्याची मागणी मोठ्या ऑर्डरसह आली होती; आम्ही नकार दिला. दुरुस्त केलेली गाडी मूळ म्हणून विकली जाऊ नये, ही आमची अट आहे आणि ती आमच्या पावतीवरही छापलेली असते.

डिंकीचे काही साचे पुढे कलकत्त्याला आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' या नावाने गाड्या बनल्या. भारतातील घरांत त्या अजूनही सापडतात. सध्या आम्ही या गाड्यांच्या चाकांची मापे गोळा करीत आहोत आणि ज्यांच्याकडे मूळ चाकांसह निकी गाडी असेल, त्यांनी ती मोजण्यापुरती आमच्याकडे आणावी, अशी विनंती आहे.