जास्त डोंगर कुणाकडे, स्वित्झर्लंड की ऑस्ट्रिया?

मी पुण्यात जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याचं काम करते. एका शालेय अ‍ॅटलासमध्ये आल्प्सच्या पानावर छोटी चौकट होती, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियापैकी डोंगराळ जमीन कुणाकडे जास्त. ऑफिसात कुणालाही विचारा, उत्तर एकच, स्वित्झर्लंड, त्यात काय बघायचं! संपादक मॅडमनी मजकूर पण तसाच लिहून पाठवलेला.

सकाळी आल्प्स कराराची हद्द नकाशावर टाकली. आल्प्स जपण्यासाठी आठ देशांनी केलेला करार आहे हा, त्याची हद्द एकूण सुमारे 1,91,000 चौ. किमी. त्यात ऑस्ट्रियाचा वाटा जवळपास 29 टक्के, इटलीपेक्षाही जास्त, आणि स्वित्झर्लंडचा फक्त 13. म्हणजे साधारण 55 हजार चौ. किमी विरुद्ध 25 हजार, दुपटीहून जास्त! मी दोनदा तपासलं. मुळात ऑस्ट्रिया देशच दुप्पट मोठा आहे आणि आल्प्स त्याच्या पश्चिम टोकापासून थेट व्हिएन्नाच्या वेशीपर्यंत जातात. आपण फसतो ते उंचीमुळे. आल्प्समधली 4000 मीटरच्या वरची निम्म्याहून जास्त शिखरं स्वित्झर्लंडमध्ये, तिथलं सगळ्यात उंच ड्युफूरश्पिट्झ 4634 मीटर, ऑस्ट्रियाचं सगळ्यात उंच ग्रोसग्लॉकनर 3798 वर थांबतं. पण उंची वेगळी आणि पसारा वेगळा ना!

दुपारी खरी गंमत आली. स्वित्झर्लंडच्या वायव्येला ज्युरा डोंगररांग आहे, ती आल्प्समध्ये मोडत नाही म्हणून करारात नाही, पण तिथलं मों तांद्र 1679 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा थोडं उंचच. कळसूबाईला डोंगर नाही म्हणणार का कुणी? मग संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेचा नियम लावला. 2500 मीटरच्या वर सरसकट डोंगर, त्याखाली उतार किती ते बघायचं, आणि 300 ते 1000 मीटरच्या पट्ट्यात आजूबाजूच्या 7 किमीत 300 मीटरहून जास्त चढउतार हवा. आता ज्युरा आत आला, डॅन्यूब नदीच्या उत्तरेची ऑस्ट्रियातली काही टेकाडंही आली. चौरस किलोमीटरमध्ये ऑस्ट्रियाच पुढे राहिला, पण देशाच्या एकूण जमिनीतला वाटा काढला तर क्रमच उलटला. करारानुसार ऑस्ट्रिया सुमारे 65 टक्के आणि स्वित्झर्लंड 60, या नियमाने मात्र स्वित्झर्लंड बराच वर!

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, मुलांना एकच उत्तर लागतं, परीक्षेत काय लिहायचं त्यांनी?" मी म्हटलं, मॅडम, डोंगर कशाला धरलाय ते न सांगता आकडा छापला तर तो खोटाच ठरेल, आणि सातवीच्या पोरांना हे नक्की कळतं, त्यांना कमी लेखू नका. बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी दोन्ही आकडे, प्रत्येकाखाली कशाला डोंगर म्हटलंय त्याची एक ओळ, असं ठरलं, आणि जागेसाठी मॅटरहॉर्न या स्विस शिखराचा फोटो निम्मा करायला मॅडमनीच सांगितलं.