वाईला गेलेला तांबू

तांबू हा आमचा कुत्रा गेल्या फेब्रुवारीत वाईला राहायला गेला. त्याआधी १४ महिने तो पुण्यात, धायरीला आमच्या घरी होता आणि त्यांतले शेवटचे १० महिने मी त्याच्यासाठी घर शोधत होते. ज्यांच्याकडे असाच एखादा आजारी जीव तात्पुरता म्हणून आला आणि थांबून राहिला आहे, आणि ‘याला कोण नेणार’ या काळजीने ज्यांना झोप लागत नाही, त्यांच्यासाठी ही हकीकत सविस्तर लिहावी असे बरेच दिवस मनात होते.

डिसेंबरच्या थंडीत सिंहगड रस्त्यालगतच्या एका बांधकामावर, वाळूच्या ढिगाच्या आडोशाला तो सापडला. साधारण चार महिन्यांचे गावठी पिल्लू, रंग तांबूस, म्हणून नाव तांबू. त्याची दोन भावंडे शेजारीच मरून पडली होती. याचे डोळे चिपडांनी चिकटले होते, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येत होता आणि पंजा उचलून पाहिला तर तळव्याची कातडी वाळलेल्या चामड्यासारखी कडक झाली होती. डॉक्टरांनी डोळ्यातला स्राव घेऊन चाचणी केली आणि डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग असल्याचे सांगितले. माणसांना गोवर होतो त्या विषाणूच्या कुळातलाच हा विषाणू आहे, मात्र कुत्र्याच्या डिस्टेंपरचा माणसाला धोका नाही. या विषाणूला हमखास मारील असे औषध नाही. सलाईन, ताप उतरवणे, नंतर होणाऱ्या संसर्गासाठी अँटिबायोटिक, ऊब आणि चमच्याने भरवणे एवढेच आपल्या हाती असते, बाकी लढाई त्या जिवाची त्यालाच लढावी लागते. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली लस आणि मग सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पुढचे डोस वेळेवर दिले, तर हा रोग टाळता येतो. बांधकामावर जन्मलेल्या पिल्लांना ती लस कोण देणार?

तांबू वाचला. जानेवारीअखेर तो भाकरी मागून खाऊ लागला आणि आम्ही निश्चिंत झालो. त्यानंतर एका दुपारी तो झोपलेला असताना त्याचा पुढचा डावा पाय आणि डाव्या बाजूचा गाल ठेका धरल्यासारखा उडू लागला. स्वप्न पडत असेल असे वाटले, पण तो जागा झाला तरी पाय उडतच राहिला. विषाणू शरीरातून गेला तरी त्याने मज्जासंस्थेला केलेली इजा मागे राहते, आणि हा आचका बहुधा जन्मभर सोबत राहील, असे डॉक्टरांनी सांगितले. कायमचे दात आले तेही वरचे कवच नीट न धरलेले, पिवळट आणि खडबडीत.

मार्चमध्ये पहिली फिट आली. सकाळचा चहा झाला होता, तांबू ओट्याखाली पोत्यावर पसरला होता आणि एकाएकी त्याचे चारही पाय ताठ झाले. जबडा कटकट वाजू लागला, तोंडाला फेस आला, अंगाखाली लघवीचे थारोळे झाले. आई त्याच्यापासून दोन हात अंतरावर उभी राहून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. तिने वेळ मोजली म्हणून ती फिट दीड मिनिटाची होती हे मला आज सांगता येते, कारण मला ती अर्ध्या तासाची वाटली होती. मग तो उठला आणि आंधळ्यासारखा भिंतींना, खुर्च्यांना धडकत घरभर फिरत राहिला. आम्ही कोण हेही त्याला उमगत नव्हते. वीस मिनिटांनी तो आईपाशी आला आणि तिच्या पावलावर हनुवटी टेकून झोपी गेला.

तेव्हापासून दर १२ तासांनी फेनोबार्बिटोनची गोळी सुरू झाली. माणसांच्या अपस्मारावरही हे औषध दिले जाते; ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक दुकानात असतेच असेही नाही. सुरुवातीचे दोन आठवडे कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, भूक आणि तहान वाढते, लघवीला वारंवार न्यावे लागते. यकृत ठीक आहे ना आणि रक्तात औषध पुरेसे आहे ना, हे अधूनमधून तपासावे लागते. गोळी अचानक बंद केली तर पूर्वीपेक्षा मोठ्या फिट येऊ शकतात. गोळ्यांचा खर्च फार नाही, रक्ताच्या तपासण्यांचा होतो. पण खरी अडचण पैशाची नाही, वेळेची आहे. सकाळी आठ आणि रात्री आठ ही वेळ लग्नकार्य असो की प्रवास, कुणीतरी सांभाळावीच लागते.

‘नसबंदी करून सोडून द्या की जागेवर,’ असे मला अनेकांनी सुचवले. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी तेच सांगितले आहे: नसबंदी आणि लसीकरण करून ज्या भागातून उचलले त्याच भागात परत सोडावे. धडधाकट कुत्र्यासाठी हा मार्ग मला पटतो, आणि आमच्या गल्लीतल्या सहा कुत्र्यांच्या बाबतीत आम्ही तो पाळलाही आहे. तांबूला मात्र वाहत्या रस्त्यात फिट आली असती तर गाडीखाली गेला असता, आणि रस्त्याच्या कडेला आली असती तर फेस पाहून कुणीतरी ‘पिसाळला, पिसाळला’ म्हणत काठी घेऊन धावले असते. आमच्याच इमारतीच्या वॉचमनने त्याला पहिल्यांदा पाहून तसे म्हटले होते.

एप्रिलपासून मी घर शोधू लागले आणि इथे माझ्या हातून जी चूक झाली ती लिहिल्याशिवाय ही हकीकत खरी होणार नाही. मी जाहिरातीत लिहिले होते: ‘लहानपणी आजारी होता, आता बरा आहे, एक गोळी चालू आहे.’ यात खोटे काही नव्हते, पण जे सांगायला हवे ते यात काहीच नव्हते. फोटोही मी अशा क्षणी काढले होते की पाय उडताना दिसू नये. जून महिन्यात एका कुटुंबाने त्याला नेले. नवरा-बायको दोघे नोकरी करणारे, नऊ-दहा वर्षांची मुलगी, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. ‘कधीतरी फिट येते, घाबरू नका,’ एवढे मी दारात निरोप घेताना सांगितले.

नवव्या रात्री दोन वाजता फिट आली. कुणी त्याच्या नाकाला चप्पल लावली, कुणी दातखीळ सोडवायला तोंडात चमचा घातला आणि ते करताना त्या गृहस्थांचे बोट दातांत सापडून फाटले. फिट आली की कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यांनी आपल्या परीने त्याला वाचवायचाच प्रयत्न केला. तोंडात हात घालू नये, आजूबाजूचे सामान हलवावे, पंखा-दिवा-टीव्ही बंद करून शांत उभे राहावे, घड्याळ लावावे आणि फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर तडक डॉक्टर गाठावा, हे त्यांना मी सांगायला हवे होते. अकराव्या दिवशी तांबू परत आला. मुलीने त्याच्यासोबत आपली गोधडी पाठवली होती. ती गोधडी पाहून मला जेवढे अपराधी वाटले तेवढे कुणी चार शब्द सुनावले असते तर वाटले नसते.

त्यानंतर मी नवी जाहिरात लिहिली, ती जवळजवळ दोन पानांची झाली. आजाराचे नाव, औषधाचे नाव आणि वेळ, मागच्या चार महिन्यांत आलेल्या सातही फिटच्या तारखा आणि मिनिटे, महिन्याचा खर्च, एकटे किती तास ठेवता येईल, जिना आणि गच्ची का नको, हे सगळे त्यात होते. तो आता रोग पसरवत नाही, मात्र घरातल्या दुसऱ्या कुत्र्याचे लसीकरण पूर्ण असावे, असेही लिहिले. सोबत दोन व्हिडिओ जोडले: एक झोपेत पाय उडतानाचा आणि दुसरा अख्ख्या फिटचा, कुठेही न कापलेला, शेवटच्या भिंतींना धडकण्यासकट. माझ्याबरोबर कुत्र्यांना घरे शोधून देणाऱ्या कार्यकर्त्यांनी मला समजावले की हा व्हिडिओ पाहून कुणीही फोन करणार नाही. त्यांचे म्हणणे बरेचसे खरे ठरले. पाच महिन्यांत मोजून चार फोन आले. दोघांना पैसे पाठवायचे होते, एकांना मुळशीच्या फार्महाऊसवर राखणीला कुत्रा हवा होता, आणि चौथे घर मनापासून चांगले होते, पण अंगणात उघडी विहीर होती आणि ती झाकायला घरच्यांची तयारी नव्हती. त्यांना नाही म्हणताना जड गेले. रात्री विहिरीपाशी फिट आली तर, या एका विचारापुढे मात्र दुसरे काही सुचेना.

डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी वाईहून फोन आला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. “व्हिडिओ तीनदा पाहिला,” त्या म्हणाल्या. “फिट संपल्यावर तो कुणाला शोधत होता गं?”

मी म्हटले, “आईला.”

“मग तुझ्या आईशी बोलायचंय मला. दे त्यांना फोन.”

दोघी पाऊण तास बोलल्या. बाईंचे यजमान, आप्पा, मधुमेहाचे. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई घ्यायची, त्यामुळे आठची वेळ त्या घराला पाठच होती. त्यांचा आधीचा कुत्रा म्हातारा होऊन दोन वर्षांपूर्वी गेला होता. पुढच्या आठवड्यात बाईंनी आपणहून दोन कामे केली, जी मी कुणालाही सांगितली नसती: तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन, लांबलेली फिट थांबवणारे इंजेक्शन तिथे असते का हे डॉक्टरांना विचारले, आणि औषधांच्या दुकानदाराकडून ही गोळी दर महिन्याला मागवून ठेवण्याचा शब्द घेतला. मग मला फोन करून म्हणाल्या, “आता घर बघायला ये.”

जानेवारीत गेले. तळमजल्याचे जुने घर, मधे फरसबंद चौक. परसातल्या विहिरीला लोखंडी जाळी, ती मी हाताने ओढून पाहिली. कृष्णेचा घाट चालत पाच मिनिटांवर, म्हणून गळ्यात पट्टा आणि हातात दोरी असल्याशिवाय बाहेर न्यायचे नाही, असे ठरले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले होते आणि त्याच्या प्रत्येक चौकोनात बारीक, वळणदार अक्षर: दूध दीड लिटर, गॅस नोंदवला, आप्पा सुई सकाळ, आप्पा सुई रात्र, आणि सुईपुढे एकही दिवस न चुकलेली बरोबरची खूण. मी काही न बोलता त्या पानाकडे पाहत उभी राहिले. घर पाहणे माझ्यापुरते तिथेच संपले होते.

वयाचा विषय बाईंनीच काढला. दोघेही सत्तरीच्या उंबरठ्यावर आणि तांबू जेमतेम दीड वर्षाचा. आम्हा कार्यकर्त्यांपैकी अनेकजण साठीपुढच्या माणसांना कुत्रा देत नाहीत, आणि त्यामागची भीती मला कळते. पण दुसऱ्या बाजूला तरुण घरे दिवसाचे दहा तास रिकामी असतात, आणि तांबूसारख्याला दिवसभर घरात असणारे माणूस लागते. बाईंची भाची पाचवडला राहते. दत्तकपत्रावर तिची सही घेतली आणि बाई व आप्पांच्यानंतर तांबू तिचा, असे त्यात लिहिले.

फेब्रुवारीत आम्ही त्याला गाडीने घेऊन गेलो आणि पहिल्या दोन रात्री मी तिथेच राहिले. पहिला दीड दिवस तो काही खाईना. आमच्याकडे गोळी उकडलेल्या अंड्यातून जायची, बाईंच्या घरात अंडे येत नाही. रताळ्यातून दिली, ती त्याने रताळे खाऊन बाजूला काढून ठेवली. दुधातून दिली, ती तळाशी राहिली. रात्रीचे आठ वाजून गेले तशी माझी घालमेल सुरू झाली. बाईंनी तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा मऊ पापुद्रा सोलला, त्यात तूप आणि गोळी घालून घट्ट गोळा वळला, एक तसाच गोळा बिनगोळीचा वळला, आणि आधी बिनगोळीचा दिला. दुसरा त्याने पहिल्याच्या लोभाने न चावता गिळला. तेव्हापासून रोज दोन वेळा दोन गोळे होतात.

महिनाअखेरीला बाई मला कालनिर्णयच्या पानाचा फोटो पाठवतात. आप्पांच्या खुणेशेजारी आता तांबूची खूण असते. फिट पूर्ण थांबलेल्या नाहीत, दोन-अडीच महिन्यांतून एखादी येते. मागच्या पानावर एका चौकोनात लिहिले होते: ‘तांबू फिट, पहाटे ४.१०, सव्वा मिनिट. मग मला शोधत आला.’ आप्पांच्या हातच्या तुपाने वजन दोन किलोंनी वाढले आहे, तेव्हा गोळीचे प्रमाण बदलावे लागेल का हे रक्त तपासून ठरेल. बाई येत्या गुरुवारी त्याचा नमुना बर्फाच्या डब्यात घालून सकाळच्या एसटीने स्वारगेटला येणार आहेत, आणि मी तो तिथून पुढे प्रयोगशाळेत पोहोचवणार आहे.