लघवी होत असताना बिघडणारी मूत्रपिंडे

वॉर्डात रुग्णाच्या मूत्रपिंडांची चौकशी बहुधा एकाच प्रश्नावर संपते : लघवी होते आहे ना? राउंडवर सिस्टर युरोबॅगमधला आकडा सांगतात, तो दीड लिटरच्या घरात असला की सगळे पुढच्या खाटेकडे वळतात आणि नातेवाइकांचाही जीव भांड्यात पडतो. फिजिशियन म्हणून काम करताना मला या समाधानाचीच धास्ती वाटू लागली आहे, कारण अमिकासिन किंवा जेंटामायसिन या प्रतिजैविकांनी मूत्रपिंडांना इजा होते तेव्हा लघवी सहसा बंद पडत नाही. लघवी घट्ट करण्याची मूत्रपिंडांची क्षमता कमी होते, त्यामुळे ती पातळ आणि भरपूर होत राहते, आणि रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) मात्र मुकाट्याने वर सरकत असते.

ही औषधे शरीरात मोडत नाहीत. जशी टोचली तशीच मूत्रपिंडांतून बाहेर पडतात. त्यातला बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो, परंतु थोडा अंश मूत्रपिंडांतल्या सूक्ष्म मूत्रनलिकांच्या सुरुवातीच्या भागातील पेशी आत ओढून घेतात, तेथे तो दिवसेंदिवस साचत जातो, पेशीतील मेदद्रव्यांचे विघटन अडते आणि अखेर पेशी मरून झडू लागतात. याला साधारण पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे ताप उतरला आहे, रुग्ण जेवू लागला आहे, घरी सोडण्याचे बोलणे सुरू झाले आहे, नेमक्या अशा वेळी क्रिएटिनिन वाढते. कधी कधी तर शेवटचे इंजेक्शन देऊन झाल्यावर वाढते, आणि तोपर्यंत तपासणी थांबवलेली असते.

एक उदाहरण मांडतो. लघवीच्या मार्गातल्या जंतुसंसर्गासाठी दाखल झालेल्या 72 वर्षांच्या, 42 किलो वजनाच्या आजी आहेत असे समजा. क्रिएटिनिन 1.1, म्हणजे लॅबच्या कागदावर नॉर्मल. त्याखाली लाल रेघ नाही की ताराही नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि आजींच्या अंगावर स्नायू उरलेले नाहीत, हे त्या कागदाला ठाऊक नसते. 1976 पासून वापरात असलेल्या कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात वय आणि वजन घातले, तर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम 31 मिलिलिटर निघते, म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आता ड्रग चार्ट पाहावा. तेथे ‘अमिकासिन 500 सकाळ-संध्याकाळ’ असे लिहिलेले असते, कारण व्हायल 500 मिलिग्रॅमची येते. किलोमागे 15 मिलिग्रॅम धरले तर आजींची एक मात्रा सुमारे 630 मिलिग्रॅम होते, आणि गाळण्याची क्षमता एवढी कमी असताना पुढची मात्रा दुसऱ्या दिवशीही नव्हे, तर सुमारे 48 तासांनी द्यायला हवी. व्हायलच्या मापाने औषध देण्याची ही सवय मला फार घातक वाटते. त्यातही दिवसातून दोनदा देणे अधिक वाईट, कारण मूत्रनलिकांच्या पेशी एका वेळी ठरावीक अंशच ओढू शकतात. संपूर्ण मात्रा एकदम दिली तर जंतूंना मोठा तडाखा बसतो आणि पेशींत त्यामानाने कमी साचते, तर विभागून दिली की पेशींना दिवसभर साठा करायला मोकळीक मिळते.

पहिल्या मात्रेत मात्र काटकसर करू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. सेप्सिसने, म्हणजे अंगभर भडकलेल्या जंतुसंसर्गाने, रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाची मूत्रपिंडे जपण्यासाठी प्रतिजैविक अर्धे देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. कोलिस्टिन या प्रतिजैविकाची 90 लाख युनिटची सुरुवातीची मात्रा मूत्रपिंडे बिघडलेली असली तरी पूर्णच दिली जाते. काटछाट करायची ती पुढच्या मात्रांत. मूत्रपिंडांच्या इजेमुळेच 1970 च्या दशकात मागे पडलेले हे औषध, दुसरे काहीच लागू पडेनासे झाल्यामुळे, आज अतिदक्षता विभागात पुन्हा वापरावे लागते. व्हँकोमायसिन या आणखी एका प्रतिजैविकाचीही रक्तातील पातळी मोजून मात्रा ठरवणे योग्य, परंतु ती सोय मोठ्या शहरांबाहेर क्वचितच मिळते.

प्रतिजैविक एकटे मूत्रपिंडांवर चालून येते असेही सहसा घडत नाही. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडलेले असते, सीटी स्कॅनसाठी शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसण्यासाठीचा द्रव) दिलेला असतो, आणि अंगदुखीची तक्रार केली म्हणून रात्रपाळीत डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे, तेही मूत्रपिंडांना त्रासदायक, इंजेक्शन टोचलेले असते. हे शेवटचे तर सहज टाळता येते. पॅरासिटामॉलने भागत असताना अमिकासिनवर असलेल्या वृद्ध रुग्णाला डायक्लोफेनॅक देण्याचे समर्थन मला तरी करता येत नाही. पुढे ‘औषधाने किडनी गेली’ असे नातेवाईक म्हणतात आणि ‘सेप्सिसमुळे झाले’ असे डॉक्टर सांगतात. सेप्सिसही मूत्रपिंडांना इजा करतोच, त्यामुळे दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. पण ड्रग चार्टवर एकदा नजर टाकण्याची तसदी दोघांपैकी कोणीच घेतलेली नसते.

यासाठी लागते ते फार महाग नाही. दाखल होताना रुग्णाचे वजन प्रत्यक्ष काट्यावर करावे, क्रिएटिनिन निदान एक दिवसाआड पाहावे, आणि 48 तासांत ते 0.3 ने जरी वाढले तरी आकडा ‘अजून नॉर्मलमध्येच आहे’ म्हणून सोडून देऊ नये, कारण तेवढी वाढ ही मूत्रपिंडाच्या तीव्र इजेची आंतरराष्ट्रीय व्याख्याच आहे. कल्चरचा (कोणता जंतू आहे आणि त्याला कोणते औषध लागू पडते हे सांगणारा) रिपोर्ट हाती आला की दुसऱ्या, कमी त्रासदायक औषधावर जाता येईल का, हे त्याच दिवशी ठरवावे.

वेळीच थांबवले तर मूत्रनलिकांच्या पेशी पुन्हा वाढतात आणि बहुतेकांचे क्रिएटिनिन काही आठवड्यांत खाली येते. या औषधांनी कानावर झालेला परिणाम मात्र बहुधा कायमचा राहतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर कोणते इंजेक्शन किती दिवस दिले आणि शेवटचे क्रिएटिनिन किती होते हे लिहिलेले असावे, आणि आठवड्याभराने तीच तपासणी पुन्हा करण्याची तारीखही त्यावर असावी.