गुरांना ऐकवलेली गाणी

मी जुनी वेस्टर्न गाणी, म्हणजे अमेरिकेतल्या काउबॉयची, गुरं राखणाऱ्या गड्यांची गाणी ऐकते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "काउबॉय खरंच गायचे का हो, की ते सगळं हॉलिवूडचं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा बैजवार सांगते.

गायचे. फक्त ऐकायला माणसं नसत, गुरं असत.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. पुढची वीसेक वर्षं टेक्ससची गुरं हाकत हाकत कॅन्ससमधल्या रेल्वे स्टेशनांपर्यंत न्यायचे. दोन-तीन हजार गुरं, दहा-बारा गडी, दोन-तीन महिन्यांची वाट. दिवस निभायचा, भीती रात्रीची. वीज कडाडली, एखादं भांडं पडलं, तेवढंही पुरे. एक जनावर बिचकलं की सगळी उधळत, आणि अंधारात त्यांना आवरायला घोडा घालणं म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून दोघं जण बसलेल्या गुरांभोवती समोरासमोरच्या दिशांनी फेऱ्या घालत आणि गात राहत. ओळखीचा आवाज कानावर पडत असला की गुरं निवांत रवंथ करतात, अंधारातून घोडा पुढ्यात आला तरी दचकत नाहीत. गाणी कुठली? चर्चमध्ये शिकलेली, आयर्लंड-इंग्लंडकडून आलेल्या चालींची, आणि शब्द संपले की नुसतं गुणगुणणं. त्या गड्यांत मेक्सिकन होते, गुलामीतून सुटलेले काळे होते. ही गाणी त्यांचीही आहेत, हे मी आवर्जून सांगते.

घोडा साध्या चालीनं चालतो तेव्हा चारही टापा वेगवेगळ्या पडतात. टेबलावर चार बोटं एकामागून एक संथ आपटून बघा आणि मग यातलं एखादं गाणं लावा. ठेका तिथेच सापडतो.

गिटार मात्र बरीचशी सिनेमाची. ती घेऊन रात्रीची राखण कोण करणार? १९३४ पासून जीन ऑट्री पडद्यावर गाऊ लागला, तो आधी रेल्वेत तारबाबू होता. मग रॉय रॉजर्स, ओहायोतला लेनर्ड स्लाय. नक्षीदार शर्ट, मधूनच यॉडलिंग, म्हणजे आवाज झटकन वर-खाली उड्या मारत गाणं, जे आपल्याला किशोरकुमारमुळे ओळखीचं. हे नकली म्हणून जाणकार नाक मुरडतात. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण गीतकार बॉब नोलन. जन्म कॅनडातला, कोवळ्या वयात वडिलांकडे ॲरिझोनात आला आणि तिथलं वाळवंट बघून हरखला. पुढे लॉस एंजेलिसला गोल्फच्या मैदानावर लोकांच्या पिशव्या वाहिल्या, रॉजर्सबरोबर 'सन्स ऑफ द पायोनिअर्स' हा गट उभा केला. त्याचं 'कूल वॉटर' ऐका. तहानेनं कासावीस झालेला एक माणूस वाळवंटातून चाललाय. पुढे दिसतंय ते पाणी खरं नाही, असं तो समजावतोय. कुणाला? सोबतच्या खेचराला. आणि मागून बाकीचे गायक हलकेच 'पाणी... पाणी...' म्हणत राहतात.